नानसिंगच्या बकऱ्या

२ मार्च, रविवार

इंदूरहून देपालपूरला जाऊन आले, सायकलने. गुडघे शाबूत, बाकीचं विचारू नये. रस्ता परातीसारखा सपाट, दोन्हीकडे गव्हाची कापणी. पम्मी भिया (इथे भैयाचं भिया होतं) सगळा वेळ मागून, "टीचरजी, ये पहाड़ की सायकल है, रोड पे क्यों रुला रहे हो इसको." परदेशीपुऱ्यातल्या त्यांच्या दुकानातून ही जुनी, जाड टायरांची सायकल घेतली तेव्हापासून ते स्वतःला माझे गुरू समजतात. समजू देत, आहेतच.

आणि बोलतात ते खोटं नाही. अठरा वर्षं नववीला डोंगर शिकवते. फळ्यावर काढते, उतार दाखवते, बाण मारते. चाकांवरून एकदाही डोंगर उतरलेले नाही. उतार अंगाला कसा लागतो? ठाऊक नाही. वय सेहेचाळीस.

भिया म्हणतात, झाबुआकडे चला. तिकडे त्यांचे थावरिया दादा आहेत. एकदा भियांची गाडी रस्त्यात बंद पडली तर या माणसाने ओळखदेख नसताना दोन दिवस घरी ठेवून घेतलं. तेव्हापासून येणं-जाणं.

९ मार्च, रविवार

जानापाव डोंगराच्या उतारावर सराव. पडले. डावं कोपर.

प. भि. यांचा आजचा धडा: "पत्थर को मत देखो. जिधर देखोगे उधरीच जाओगे." मी दगडाकडेच पाहिलं, दगडावरच गेले.

घरी हेमंत मलम लावताना, "शाळेत काय सांगणार?" म्हटलं, डोंगरावरून पडले. "भूगोलाच्या बाईंना शोभतं." नवरा म्हणून इतपत सहानुभूती पुष्कळ झाली.

२१ मार्च, शुक्रवार

कानामागे रंगपंचमीचा हिरवा अजून आहे. जाणार नाही म्हणतोय.

उद्या पहाटे निघणं. सामान: दोन ट्यूब, पंप, पान्हे, बँडेज, मीठ-साखर. भियांचं सामान: शेव, तिखट शेव, लसणाची शेव. विचारलं, आपण भेटायला चाललोय की दुकान टाकायला? "खाली हाथ थोड़ी जाते हैं किसी के घर." बरं.

नकाशा काढून बसले होते. त्या भागात उंचीच्या रेषा इतक्या जवळजवळ की बोट ठेवायला जागा नाही. उद्या मी त्या रेषांमध्ये असेन. झोप येईना, म्हणून लिहितेय.

२२ मार्च, शनिवार. थावरिया दादांचं घर

आधी आजचा दिवस लिहून टाकते, नाहीतर उतू जाईल.

राजगढपर्यंत लोडिंग गाडीत, तिथून सायकली. डांबरी संपली, कच्ची लागली, मग कच्चीही संपली. महुआची, म्हणजे मोहाची, फुलं टपटप पडत होती, बायका टोपल्या घेऊन वेचत होत्या. प्रत्येकीने थांबवून विचारलं कुठून आलात, कुठे चाललात, पाणी प्यालात का. तिसऱ्या घरी पाणी नको म्हटलं तर म्हातारी रागावली. प्यालो. पोटात नुसतं पाणी डुचमळत होतं.

इथे गाव म्हणजे घरांची दाटी नव्हे. प्रत्येकाची आपली टेकडी, टेकडीवर एकच घर, भोवती शेत. हाक मारली तर पलीकडच्या टेकडीला ऐकू जाईल इतक्या अंतरावर दुसरं. असं का? शेतावर लक्ष राहावं म्हणून? की एकमेकांचा त्रास नको म्हणून? विचारायचं.

मग ती उघडी टेकडी. चढताना जीव गेला. माथ्यावरून खाली पाहिलं तर उतारभर मातीचे उंचवटे, ओळीने, एकाखाली एक, गुडघ्याएवढे. प्रत्येक उंचवट्यामागे चर. भियांचे डोळे चमकले. "टीचरजी, ये तो अपने लिए ही बना के रखा है किसी ने." परदेशात सायकलवाल्यांसाठी असे मुद्दाम करतात म्हणे, उड्या मारायला. त्यांनी मोबाइलवर शंभरदा पाहिलेत.

उतरलो. ब्रेकवर दोनच बोटं, नजर लांब, उंचवटा आला की सायकल हवेत, धप्प, पुन्हा उंचवटा. माती मऊ, चाक रुतायचं, कड ढासळायची, की पुढचा. मी ओरडत होते. काय ओरडले आठवत नाही. इतकी मजा मला लग्नानंतर, किंवा आधीही, कधी आल्याचं आठवत नाही. खाली पोचून पुन्हा वर गेलो. तीनदा उतरलो. तीनदा!

वरच्या कडेला कुंपणापलीकडे एक जण बकऱ्या चारत होता, लाल गमछा. आम्हाला बघत उभा. मी हात केला. त्यानेही केला.

टेकडीला वळसा घालून, रस्त्याने इथे आलो. थावरिया दादा साठीचे, बारीक, कमी बोलणारे. त्यांच्या बायको झीतरी काकी तेवढ्याच बोलक्या. पानांत भाजलेली मक्याची जाड रोटी, उडदाची डाळ. चार रोट्या खाल्ल्या. शेवेचं स्वागत उत्तम. खाट अंगणात. 

२३ मार्च, रविवार. घरी

सकाळी दादा म्हणाले, चला, आमच्या गावाने काय केलंय ते दाखवतो. निघण्याआधी बांबूची एक तिकाटी दाखवली. दोन काठ्या वर बांधलेल्या, मध्ये आडवी काठी, वरून दोरीला दगड. दोन्ही पाय जमिनीवर ठेवायचे, दोरी आडव्या काठीवरच्या खुणेवर आली की दोन्ही जागा एका उंचीच्या. मग पाय उचलून पुढे. असं करत अख्ख्या टेकडीभर एका उंचीची रेघ आखत जायची. मी हरखून गेले. मला आखू द्या म्हटलं. दिलं. चार पावलं मी आखली.

"और इस लाइन पे खोदते हैं," दादा म्हणाले. चर खणायचा, माती खालच्या अंगाला लावायची. पावसाचं पाणी उताराने पळून न जाता तिथेच मुरतं. तीन उन्हाळे विहिरी कोरड्या पडल्या, म्हणून यंदा सगळ्या गावाने मिळून खोदलं. दोनशे माणसं. याला हलमा म्हणतात. एकाने हाक द्यायची, सगळ्यांनी आपापलं फावडं घेऊन यायचं. मजुरी नाही. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. भाड्याने हलमा मिळत नाही, असं दादा म्हणाले.

मला तोवर कळलं होतं. तरी चालत राहिले.

तीच टेकडी. बांध जागोजागी फुटलेले, माती चरांत. रात्रीतून त्यावर जनावरंही फिरली असावीत, टायरची एकही रेघ शिल्लक नव्हती. चार-पाच माणसं आधीच जमली होती. कुणीतरी म्हणालं, नानसिंगच्या बकऱ्या. टेकडीवर दोन वर्षं चराई बंद असं सभेत ठरलं तेव्हा हाच एकटा नको म्हणत होता. बोलावलं त्याला. आला. लाल गमछा.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग सायकलवाल्या भियांकडे. काल आम्हाला तीनही वेळा उतरताना त्याने पाहिलेलं आहे. मी वाट पाहत होते, आता बोलेल. तो म्हणाला, "हो गया होगा. बकरी का क्या भरोसा."

आणि मी मूग गिळून बसले. तोंड उघडलं होतं, भिया कानाशी, "दीदी, अभी नहीं." एरवी टीचरजी, तेव्हा दीदी. पण त्यांच्यावर ढकलायचं नाही. तोंड माझं होतं.

निघताना काकींनी महुआची फुलं बांधून दिली.

तो का बोलला नाही?

२४ मार्च, सोमवार

अंग ठणकतंय. हेमंतने विचारलं कशी झाली ट्रिप. म्हटलं, छान.

२ एप्रिल, बुधवार

नवं सत्र. नववी ब. पहिलाच धडा समोच्च रेषा, नकाशावर एका उंचीच्या जागा जोडणाऱ्या. फळ्यावर टेकडी काढली, एकाखाली एक रेघा. एका मुलीने विचारलं, "मॅम, ये लाइनें सच में ज़मीन पे होती हैं क्या?" अठरा वर्षं मी या प्रश्नाला हसून "नाही, ती काल्पनिक असतात" म्हणत आले.

आज म्हटलं, काही ठिकाणी असतात. आणि लगेच गृहपाठ दिला.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. दोनशे माणसांनी जमिनीवर समोच्च रेषा काढून ठेवली होती आणि भूगोलाची बाई तिच्यावरून उड्या मारत गेली.

१३ एप्रिल, रविवार

सायकल चालवायला गेले नाही. परदेशीपुऱ्याला भियांच्या दुकानात जाऊन बसले. त्यांनीही तीन आठवड्यांत विषय काढलेला नाही. स्पोक आवळत होते. तेवढ्यात थावरिया दादांचाच फोन. भियांनी मोबाइल स्टुलावर ठेवला, आवाज मोठा करून.

शेव संपली, पुन्हा कधी येता. मग आमच्याकडचे, तुमच्याकडचे. मग नानसिंग. त्याचा मुलगा गुजरातेत कामाला, घरात नवराबायको दोघंच. छपराचे वासे वाळवीने खाल्लेत, पावसाआधी सगळी कवेलू, म्हणजे कौलं, उतरवून वासे बदलून पुन्हा चढवायला हवीत. एका दिवसात तीस-चाळीस हात लागतात. त्याने हलम्याची हाक दिली, मे महिन्याच्या पहिल्या रविवारची. कुणीच येतो म्हणत नाहीये. "दो सौ लोगों की मेहनत उसकी बकरी खा गई, कौन जाएगा." आणि तो रोज सकाळी एकटा टेकडीवर जाऊन फुटलेले बांध नीट करतोय. तरी लोक ऐकत नाहीत. उलट म्हणतात, बघा, गुन्हा कबूल आहे.

फोन ठेवल्यावर भियांनी स्पोक इतका आवळला की तुटला.

चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि चोर इथे रविवारी पोहे खातायत.

१४ एप्रिल, सोमवार

दादांना फोन लावला. ठरवून, कागदावर लिहून. म्हटलं, "दादा, वो जो बांध टूटे थे…" ते म्हणाले, "अरे टीचरजी, आप क्यों फिकर करते हो, वो हमारे घर का मामला है." मग आवाज तुटायला लागला, मग गेला. पुन्हा लावला नाही.

नेटवर्क नव्हतं हे खरं. मला हायसं वाटलं हेही खरं.

२० एप्रिल, रविवार

हेमंतला सांगितलं सगळं. ऐकून घेतलं त्याने, मध्ये एकदाही चेष्टा केली नाही, म्हणजे मामला गंभीर आहे. मग म्हणाला, "इथून चार मजूर पाठवू. मिस्त्री पाठवू. छप्पर होऊन जाईल."

म्हटलं, छप्पर होईल, पण लोक येणार नाहीत.

"म्हणजे?"

यंदा कुणी आलं नाही तर पुढेही येणार नाही. त्याच्या विहिरीला नाही, पेरणीला नाही, घरात कुणी गेलं तर खांद्यालाही नाही. तिथे प्रत्येकाचं घर वेगळ्या टेकडीवर आहे, हेमंत. हाकेला माणूस आला नाही तर त्या टेकडीवर उरतं काय.

हे बोलताना मलाच पहिल्यांदा नीट कळलं. हेमंत म्हणाला, "मग जाऊन सांग." इतकं सोपं वाक्य. महिना झाला, मला सुचलं नव्हतं असं नाही.

भीती कशाची आहे ते लिहून ठेवते: त्या काकींनी माझ्या ताटात चौथी रोटी आग्रहाने टाकली होती. त्यांचं तोंड बघायचं आहे मला आता.

२७ एप्रिल, रविवार

शाळा शुक्रवारी बंद होते. शनिवारी निघू. प. भि. म्हणाले, "मैं अकेला चला जाता हूं, आप रहने दो." नाही म्हटलं. "फिर बोलेगा कौन?" मी. "मैं बोलूं, मेरे को पुरानी पहचान है." म्हणूनच तुम्ही नाही.

शेव न्यायची की नाही यावर दहा मिनिटं वाद. शेवटी नको ठरलं. शेव घेऊन गेलो तर पाहुणे होऊ.

३ मे, शनिवार

ऊन असं की हँडल धरवेना. महुआ संपलेला, पळस निष्पर्ण. त्याच बायका, तेच पाणी. या वेळी पहिल्याच घरी मुकाट प्यायले.

टेकडीवरून आलो नाही. पायथ्यापासून पाहिली फक्त. अर्धे बांध नीट झालेत. एकट्या माणसाने.

थावरिया दादा अंगणात होते. काकी पाणी घेऊन आल्या. पाणी हातात तसंच धरून सांगितलं. उभ्यानेच. हिंदीत, साध्या वाक्यांत. बांध बकऱ्यांनी तोडले नाहीत, आम्ही तोडले. सायकलींनी. तीन वेळा. आम्हाला वाटलं खेळायला केलेत. दुसऱ्या दिवशी कळलं आणि तरी मी बोलले नाही.

काकींनी तोंडावर पदर घेतला. हसल्या की काय, कळलं नाही. हसल्या नव्हत्या.

दादा म्हणाले, "चलो," एवढंच. नानसिंगच्या टेकडीवर गेलो, चढ मोठा, दादा पुढे. नानसिंग वासे सोलत बसला होता. त्याच्यापुढे पुन्हा सगळं म्हटलं. मग विचारलं, महिनाभर डोक्यात तेच होतं, की तुम्ही पाहिलं होतंत, मग बोलला का नाहीत.

त्याने कोयता बाजूला ठेवला. "तुमने थावरिया के घर रोटी खाई थी. मैं बोलता तो शरम किसको आती? पावणे को नहीं. जिसने खिलाया उसको."

थावरिया दादा माझ्या शेजारीच उभे होते.

मला वाटलं होतं तो घाबरला असेल, किंवा पाहुण्यांपुढे आपल्यावर विश्वास कोण ठेवणार, असा विचार केला असेल. महिनाभर काय काय कारणं शोधली मी. हे एकही नव्हतं. रडू आलं. आलं तर आलं.

दादा तसेच वळले आणि टेकडी उतरून गेले. घराकडे नाही, दुसऱ्याच वाटेने. हाक मारली, थांबले नाहीत. रागावले? लाजले? सांगायला गेले सगळ्यांना? नानसिंगला विचारलं. "पता नहीं," म्हणाला, आणि वासा पुन्हा हातात घेतला.

आज इथेच राहतोय, नानसिंगकडे. त्याच्या बायकोने, झुमलीने, खाट टाकून दिली. वर विचारलंही, इंदूरला पाणी रोज येतं का.

४ मे, रविवार. सकाळ

उजाडलं. नानसिंगच्या अंगणात बसून लिहितेय.

झुमलीने मोठ्या हंड्यात मक्याच्या पिठाची राबडी, आंबिलीसारखी, शिजायला टाकलीय. चाळीस माणसांची तरी असेल. मी म्हटलं, इतकी? तिने माझ्याकडे बघून आणखी पीठ कालवलं.

भिया दादांकडे जाऊन आले. घरी नाहीत. काकी म्हणाल्या पहाटेच गेले, कुठे ते सांगितलं नाही. काकी भियांशी नेहमीसारख्याच बोलल्या, की नेहमीपेक्षा कमी? भियांना सांगता येईना. "औरतों का अपने को समझ नहीं आता, टीचरजी."

चारही बाजूंना टेकड्या. प्रत्येकीवर एक घर. काही घरांतून धूर निघतोय. मी एकेक वाट मोजल्यासारखी बघतेय. एक बाई घागर घेऊन उतरली, ओढ्याकडे वळली. एक माणूस निघाला, उभा राहिला, परत आत गेला. इतक्या लांबून तोंडं दिसत नाहीत. लोकांना कळलंय का? कळूनही येणार नाहीत? बांध आम्ही तोडले हे कळलं तर राग नानसिंगवरून उतरेल, की शहरातल्यांना वाचवलं म्हणून वाढेल? काही समजत नाही. इतकी उत्सुक मी कुठल्याच निकालासाठी नव्हते.

नानसिंगने शिडी लावली. वर चढला आणि कवेलू काढायला सुरुवात केली. मी म्हटलं, थांबा ना, आधी लोक येऊ देत. अर्धं छप्पर उघडं पडलं आणि कुणी आलंच नाही तर? पावसाळा महिन्यावर आलाय.

वरूनच म्हणाला, "छत खुलेगी तो दूर से दिखेगी."

भिया शिडीच्या मध्यावर उभे राहिलेत, तो त्यांना एकेक कवेलू देतोय. खाली घेणारं कुणी नाही. वही ठेवते.